तज्ज्ञांचं ऐकायचं नाही, तर बोलवायचं कशाला?

प्रश्न : अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या सरकारी यंत्रणेनं बोलावलेल्या बाहेरच्या तज्ज्ञांनी एका औषधाला नकार दिला, तरी ते मंजूर झालं असं वाचलं. मग ही समिती निव्वळ शोभेची का? – एक वाचक

उत्तर : तुम्ही म्हणता ते अल्झायमरवरचं ॲड्युकॅनुमॅब. समितीचं मत एफडीएवर बंधनकारक नसतं, आणि माझ्या मते नसावंच. उद्या औषध अंगाशी आलं तर जाब सरकारी यंत्रणेनं द्यायचा. दिवसभर बसून घरी जाणाऱ्या प्राध्यापक मंडळींनी नव्हे. माझी तक्रार वेगळी आहे.

६ नोव्हेंबर २०२०ची बैठक घ्या. दोन मोठ्या चाचण्यांपैकी एकीत थोडा गुण दिसला होता, दुसरीत नाही. पहिलीला मुख्य पुरावा मानायचं का, असं विचारल्यावर १० जण 'नाही' म्हणाले, एकाचं ठरेना, 'हो' म्हणणारा कुणीच नाही. जून २०२१मध्ये मंजुरी आली ती भलत्याच वाटेनं : अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड हे प्रथिन कमी होतं, तेव्हा पुढे फायदा होण्याची शक्यता आहे, म्हणून त्वरित मंजुरी. हा मुद्दा समितीपुढे मताला ठेवलाच नव्हता. उलट अमायलॉइडचा आधार आम्ही घेत नाही, असं अधिकाऱ्यांनीच बैठकीत सांगितलं होतं! तिघा सल्लागारांनी राजीनामे दिले. तिघांनीच का, याचं मला नवल वाटलं.

कागदपत्रांचीही तीच तऱ्हा. एरवी कंपनी आणि एफडीए आपापलं टिपण वेगळं देतात; इथे दोघांचं मिळून एकच. एफडीएच्याच संख्याशास्त्रज्ञाचं विरोधी मत होतं, ते परिशिष्टात. माझी हयात प्रबंध तपासण्यात गेली. अडचणीचा मजकूर कुठे सारतात हे मला पाठ आहे.

तेव्हा आग्रह धरायचा तो याचा : मंजुरीचा आधार बदलला, तर समितीला पुन्हा बोलवा. आणि प्रश्नांचा मसुदा सल्लागारांना आधी दाखवा, त्यात खाडाखोड करू द्या. हे काही अशक्य नाही. समितीची पद्धत याआधीही बदलली आहे. पूर्वी तिथे एकेक जण पाळीपाळीनं मत सांगे. वजनदार माणूस आधी बोलला की पुढच्यांवर त्याचा दाब येण्याची भीती. २००७च्या कायद्यानंतर सगळ्यांनी एकाच वेळी मत देण्याची पद्धत आली. सल्लागारांच्या कंपन्यांशी असलेल्या हितसंबंधांचं म्हणाल, तर ते जाहीर व्हायलाच हवेत. पण या खेपेला घोडं तिथे पेंड खात नव्हतं.

पुढे जानेवारी २०२४मध्ये कंपनीनंच ते औषध बंद करत असल्याचं जाहीर केलं.