शुगर उतरत नाही, गोळी वाढवू का?

"आई सहा महिन्यांसाठी भारतातून आमच्याकडे परदेशात आली आहे. उपाशीपोटी शुगर रोज १९०-२०० येते. भारतातले डॉक्टर फोनवर भेटत नाहीत. काका म्हणतात, एकाऐवजी दोन गोळ्या दे. देऊ का?"

नका देऊ. काकांची काळजी खरी आहे, पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी दुप्पट केली तर रात्री झोपेत शुगर ७०च्या खाली जाऊ शकते. उतारवयात मूत्रपिंडं मंदावलेली असतील तर औषध अंगात जास्त वेळ राहतं आणि हा धोका आणखी वाढतो.

डोस वाढवायचा विचार करण्याआधी, आहे तो डोस आईच्या पोटात जातोय का ते बघा. पाहुण्या आलेल्या आया गोळ्या पुरवून पुरवून घेतात. मुलाला उगाच खर्च नको, म्हणून एक दिवसाआड! विचारलं तर "घेते की" म्हणतील, त्यामुळे गोळ्या मोजलेल्या बऱ्या. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल किंवा लघवीला जळजळ होत असेल, तरी शुगर चढते.

इन्सुलिन चालू असेल तर कुपीवरचा आकडा वाचाच. भारतातल्या बऱ्याच कुप्या एका मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात, परदेशात बहुतेक १००च्या. ४०चं इन्सुलिन १००च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलंत, तर आईला मिळतात फक्त ८ युनिट. मग शुगर उतरणार कशी? उलटी गफलत याहून वाईट, १००चं इन्सुलिन ४०च्या सिरिंजने दिलं तर अडीचपट डोस जातो. रोज एकाच जागी टोचून कातडीखाली गाठ झाली असेल, तर तिथलं इन्सुलिनही नीट लागू पडत नाही.

हे सगळं ठीक असूनही आकडे वरच राहिले, तर तुम्ही राहता तिथल्याच डॉक्टरांकडे जा. आठवडाभराची उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची नोंद सोबत न्या. तिथला मीटर वेगळ्या एककात (मिलिमोलमध्ये) १०.५ दाखवत असेल तर घाबरू नका, १८ने गुणा, आपले १८९ होतात. गोळ्यांची रिकामी पाकिटंही न्या, कारण आपल्याकडच्या एका गोळीत अनेकदा दोन-तीन औषधं असतात आणि तिथल्या डॉक्टरांना ब्रँडचं नाव कळत नाही, आतल्या औषधांची नावं कळतात.

ते एचबीएवनसी बघतील, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. मूत्रपिंडाची तपासणीही करतील, कारण मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं नेहमीचं औषध किती द्यायचं, द्यायचं की नाही, हे त्यावर ठरतं. मेटफॉर्मिन वाढवलंच तर हळूहळू वाढवतात, नाहीतर पोट बिघडतं. कधी तीच गोळी न वाढवता दुसऱ्या प्रकारचं औषध जोडतात. लक्ष्यही सगळ्यांना सारखं नसतं. अनेकांना एचबीएवनसी ७ टक्क्यांच्या आत सांगतात, पण वय झालेल्या, शुगर वारंवार खाली जाणाऱ्या माणसाला थोडी सूट देतात. त्यामुळे शेजारणीचा आकडा आईला लावू नका.

शुगर ३००च्या वर टिकून असेल आणि सोबत उलट्या, धाप किंवा गुंगी असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सी गाठा.