रात्री उसवलेले टाके

"ताई, मैत्रिणींबरोबर काम करायचंच नसतं, हे खरं का हो?"

गेल्या दोन वर्षांत माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलाय, की आता दारातून आत येणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरूनच तो ओळखता येतो. कुणी मैत्रिणींनी मिळून वस्तीतल्या मुलांसाठी वाचनालय काढलेलं असतं, कुणाचा पथनाट्याचा गट असतो, कुणाचं पाळणाघर. पहिले सहा महिने कसे जातात ते कळत नाही. वर्षभराने त्यांच्यातली एक माझ्यासमोर बसून रुमालाची घडी घालते आणि मोडते. वर घरचे ऐकवतात, "सांगत होतो, बायका एकत्र आल्या की भांडणारच." सख्खे भाऊ बांधाच्या वीतभर जमिनीसाठी वीस वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, तरी त्यावरून पुरुषजातीबद्दल कुणी असं बोलत नाही. पण ते असो.

वैशाली आणि नंदा यांची गोष्ट सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेत. सहा-सात बैठकांमधलं मोजकंच इथे देतेय.

दोघी मिरजेच्या, पंचेचाळिशीच्या आसपास, एका बाकावर शिकलेल्या. वैशालीची सून सरकारी दवाखान्यात बाळंत झाली, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या पोरीने बाळ स्वतःच्या पदरात गुंडाळलेलं तिने पाहिलं. बरोबर आणलेलं एकमेव दुपटं ओलं झालं होतं. घरी येऊन ती नंदाला म्हणाली, "आपल्याकडे जुनी लुगडी पडलीत की गं." तिथून सुरुवात. जुनी सुती पातळं मागून आणायची, गरम पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवायची, वर-खाली एकेक आणि आत दोन थर घालून हाताने धावदोरा घालायचा. आपल्याकडे बाळाला आधी जुनं मऊच लागतं, नवं नंतर बारशाला. मंगळवार-शुक्रवार दुपारी वैशालीच्या माडीवर सहा बायका जमायच्या. महिन्याला तीस-चाळीस दुपटी होत. शिवता शिवता गप्पा, रडणं, गाणी. त्यातल्या एकीने नवऱ्याच्या माराबद्दल आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं ते या माडीवर, सुईतून नजर वर न काढता. एरवी मी सहा बैठकांत जे बोलतं करते, ते तिथे दोन दुपट्यांत झालं, हे मला मान्य केलं पाहिजे.

आणि आता वैशाली म्हणत होती, "बंद करावं म्हणते. नंदा पूर्वीची राहिली नाही. तुटक बोलते. सगळं मीच करते."

पहिल्या दोन बैठका मी चुकीच्या गावी गेले. स्थानिक पेपरात उपक्रमाची बातमी आली होती, त्यात फक्त वैशालीचा फोटो होता. मला वाटलं, भांडण श्रेयाचं आहे. पुष्कळदा असतंही. वैशाली हो हो म्हणत राहिली, पण तिच्या बोलण्यात जीव नव्हता. अठ्ठावीस वर्षांच्या कामात एवढं शिकले आहे की समोरची फार लगेच 'हो' म्हणायला लागली की आपण थांबावं.

तिसऱ्या वेळी मी तिला सांगितलं, "येताना दोन-तीन दुपटी घेऊन या. बघू तरी."

तिने ती माझ्या टेबलावर पसरली. एक जांभळ्या इरकलीचं होतं, कडेला करवती काठ जोडलेला. मी त्यावरून हात फिरवत नुसतं विचारलं, "यातलं तुमचं कुठलं आणि नंदाताईंचं कुठलं?"

"हे माझं. हे... हे पण माझंच."

"आणि हे इरकलीचं?"

ती गप्प बसली. मग म्हणाली, "ते तिचं होतं."

"होतं?"

आमच्या कामात अशा वेळी काही न बोलणं सगळ्यात अवघड जातं. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. वैशाली दुपट्याच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिली आणि मग एकदम बोलायला लागली. "तिचे टाके लांब पडतात हो ताई. पहिल्यापासून. लांब टाक्यात तान्ह्या बाळाचं बोट अडकतं. दोरा आवळला तर बोट काळंनिळं पडतं. तिला सांगायचं कसं? ती एवढ्या प्रेमानं करते. म्हणून सगळ्या गेल्या की रात्री मी तिची दुपटी उसवते आणि परत घालते."

"किती दिवस?"

"आठ महिने झाले असतील."

आठ महिने. रात्री अकराला जेवणाची भांडी आवरून ही बाई मैत्रिणीचे टाके उसवत बसायची आणि सकाळी मैत्रिणीवर चिडलेली असायची. 'सगळं मीच करते' हे तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. नंदाने केलेलं कामही तीच पुन्हा करत होती.

"त्यांना माहीत आहे?"

"छे! तिला किती वाईट वाटेल. पण तिला एवढं कळायला नको? ती शाळेपासूनची मैत्रीण आहे, तिला न सांगता कळलंच पाहिजे."

मी कागदावर ते शेवटचं वाक्य लिहिलं आणि त्यातल्या 'च'भोवती गोल काढला. आमच्या समुपदेशनाच्या पंथाचे लोक या 'च'च्या मागे हात धुऊन लागतात. न सांगता कळलं तर उत्तमच, तशी इच्छा असण्यात काही वावगं नाही. पण 'कळलंच पाहिजे' म्हटलं की समोरची रोज नापास होते, आणि तिला परीक्षा आहे याचाही पत्ता नसतो. वैशाली त्या गोलाकडे बराच वेळ बघत राहिली. "म्हणजे मी तिला सांगितलंही नाही, आणि रागावले मात्र रोज," ती म्हणाली. हे वाक्य मी तिला दिलेलं नाही, तिचं तिने काढलं.

पाचव्या बैठकीला नंदा आली. वैशालीने ठरल्याप्रमाणे मान खाली घालून सगळं सांगितलं. मी रडारडीच्या तयारीने पाण्याचा तांब्या जवळ ठेवला होता. नंदा शांतपणे म्हणाली, "मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. मी दोऱ्याला गाठ मारत नाही. आजीनं शिकवलंय, बाळाच्या अंगाला गाठ टोचते, उलटा टाका घालून सुरू करायचं. माझ्या दुपट्याला गाठी कुठून आल्या? मी दवाखान्यात वाटायला जाते, हातात घेतलं की कळतं की."

वैशालीचं तोंड उघडंच राहिलं. "मग बोलली का नाहीस?"

"तू कुठं बोललीस? म्हटलं हिला माझं काम पसंत नाही. मग मीही मुद्दाम मोठे टाके घालायला लागले. उसवायला सोपे पडावेत तुला."

एक क्षण कुणीच काही बोललं नाही. मग आधी नंदा हसली, मग वैशाली, आणि खोटं कशाला बोला, मीही. इतक्या वर्षांत माझ्या खोलीत इतकं हसणं क्वचितच झालं असेल.

मला त्या दिवशी जे उमगलं ते असं. टाक्यांबाबत वैशालीचं बरोबर होतं, गाठींबाबत नंदाचं. दोघींचं म्हणणं एकाच दुपट्यात गेलं असतं तर बाळाला दोन्हीचा फायदा होता. पण मैत्री जपायची म्हणून दोघी गप्प राहिल्या, आणि त्या गप्प राहण्यानेच मैत्रीला भोक पडलं. बायकांना भांडता येत नाही म्हणून अशी कामं मोडतात, असं माझं मत होत चाललंय. भांडतात म्हणून नव्हे. लहानपणापासून आपल्याला 'कुरकुर करू नये' एवढंच शिकवलेलं असतं.

यावरून मला सावित्रीबाईंचं एक पत्र नेहमी आठवतं. १८५६ च्या ऑक्टोबरात त्या आजारपणामुळे माहेरी नायगावला होत्या. तिथून जोतीरावांना लिहिताना त्या शाळेच्या कामातली आपली सहकारी फातिमा हिची आठवण काढतात. तिला कामाचा त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं. लोक त्यातला फातिमाचा सोशिकपणा वाचतात. मी मात्र सावित्रीबाईंपाशी थांबते. मैत्रीण बोलणार नाही हे माहीत असलेली बाई अंथरुणातून तिच्यावरचं ओझं स्वतः मोजते आणि कागदावर आणते.

ज्या मला हा प्रश्न विचारतात त्यांना मी आधी वहीबद्दल विचारते. कामाची वही आहे का? मैत्रीत हिशेब नसतो हे ठीक, पण कामात कोण किती तास येतं, पैसे कुठून आले, कुठे गेले, हे लिहिलेलं नसेल तर प्रत्येकीच्या डोक्यात वेगळा हिशेब चालू राहतो आणि त्यात ती स्वतः कायम देणेकरी नसून घेणेकरीच निघते. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, तो लिज्जत पापडाचा आरंभ. त्यांचे मार्गदर्शक छगनबाप्पा पारेख तेव्हा हिशेब चोख ठेवण्यावर हटून बसले होते. त्या बायका एकमेकींना बहीण म्हणत, आणि तरीही वही ठेवत. दुसरं, महिन्यातून एकदा काम बाजूला ठेवून फक्त खटकलेलं बोलायला बसा, आणि बोलताना माणसाबद्दल न बोलता टाक्याबद्दल बोला. 'तू निष्काळजी आहेस' याला उत्तर नसतं. 'टाका लांब पडतोय' याला असतं. मात्र कुणी पैसे खाल्ले असतील किंवा एकीचं नाव पुसून दुसरीने सगळं आपल्या नावावर केलं असेल, तर ते 'च'चं प्रकरण नव्हे. तिथे समजूत घालायला माझ्याकडे येऊ नका, सरळ हिशेब मागा.

पुढच्या बैठकीला दोघी मिळून आल्या, तेव्हा वैशाली आणि नंदाने माप ठरवून आणलं होतं. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, गाठ बंद. माडीवर एका बशीत मूठभर तांदूळ ठेवलेत म्हणे. नवी बाई आली की तिला आधी दाणा दाखवायचा.

परवा वैशालीचा फोन आला. "ताई, परत वाजलं आमचं."

"कशावरून?"

"अस्तरावरून. ती म्हणते कॉटन-मिक्स चालतं. मी म्हटलं नाही चालत. तिनं चारचौघींत मला हट्टी म्हटलं."

"मग?"

"मग मी पण काय काय बोलले. आता चहा टाकलाय. हे घ्या, नंदाच आहे, तिलाच विचारा अस्तराचं."