औषधी वनस्पतींच्या लागवडीत पदवी घ्यायची असेल तर कुठे जावे?

बारावी सायन्सनंतर फक्त औषधी वनस्पतींची पदवी शोधत असाल, तर तो शोध थांबवा आणि चार वर्षांच्या बीएस्सी कृषी किंवा उद्यानविद्येला प्रवेश घ्या. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांत सीईटीवरून प्रवेश होतो. तिथे औषधी पिके इतर पिकांसोबत शिकवतात, पण तो भाग थोडक्यात आटोपतो. खरी खोली एमएस्सीला येते.

बीएएमएस हा यासाठीचा रस्ता नाही. तिथे द्रव्यगुण शिकवतात, म्हणजे वनस्पतीचे गुणधर्म आणि उपयोग. वाफा, बियाणे, काढणी नाही.

माझा आग्रह एकच: पदवीच्या काळात अश्वगंधा स्वतः लावून बघा. पेरणीपासून मुळे काढायला साधारण पाच-सहा महिने लागतात, आणि भाव मुळांच्या जाडीवर, रंगावर, वाळवणीवर ठरतो. वाळवण बिघडली की चांगले पीकही मातीमोल होते. शतावरीला तर दीड-दोन वर्षे थांबावे लागते, त्यामुळे आधी खरेदीदार पक्का करायला शिका. हे फार कमी मुलांना कोणी सांगते, म्हणून मुद्दाम लिहितोय. जमले तर एकदा मध्य प्रदेशातल्या नीमचच्या मंडीत जाऊन अश्वगंधेची प्रतवारी डोळ्यांनी पाहा.

पुढे संशोधन करायचे असेल तर गुजरातेत आणंदजवळ बोरिआवीचे औषधी व सुगंधी वनस्पती संशोधन संचालनालय आणि लखनौची सीमॅप (केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था), या दोन संस्थांवर लक्ष ठेवा.