वाचकांचे प्रश्न : ‘यस मिनिस्टर’चे भाग नेमके किती?

प्रश्न : ‘यस मिनिस्टर’ ही जुनी ब्रिटिश विनोदी मालिका पाहायला घेतली आहे. एका यादीत 21 भाग आहेत, दुसरीत 22, तिसरीत 38. खरा आकडा कोणता?

उत्तर : तिन्ही खरे. बीबीसीवर 1980, 1981 आणि 1982 साली प्रत्येकी सात भागांचे तीन सीझन झाले, ते 21. मग 17 डिसेंबर 1984 रोजी ‘पार्टी गेम्स’ हा तासाभराचा नाताळ विशेष भाग आला. तो धरला की 22. पुढे नाव बदलून ‘यस, प्राइम मिनिस्टर’ झालं. त्याचे आठ-आठ भागांचे दोन सीझन, पहिला 1986 चा, दुसरा डिसेंबर 1987 ते जानेवारी 1988. हे 16 मिळवले की 38. बाकी भाग अर्ध्या-अर्ध्या तासाचे, म्हणजे सगळं मिळून साधारण साडेएकोणीस तास.

घोळ होतो तो ‘पार्टी गेम्स’पाशी. तो कुठल्याच सीझनचा नाही, म्हणून बऱ्याचदा यादीच्या तळाशी ‘स्पेशल’ म्हणून पडलेला असतो. तो सुटला की कालचा मंत्री जिम हॅकर एकदम पंतप्रधान झालेला दिसतो आणि त्याच्या खात्याचा सचिव सर हम्फ्री कॅबिनेट सेक्रेटरी, म्हणजे सर्वोच्च सनदी अधिकारी. या दोन्ही बढत्या त्याच भागात होतात, आणि कशा होतात हे पाहण्यातच खरी गंमत आहे! तेव्हा तिसऱ्या सीझनचा सातवा भाग संपला की आधी तो शोधा. ब्रिटिश याद्यांत सीझनला ‘सिरीज’ म्हणतात, हेही ध्यानात ठेवा. 2013 साली ‘यस, प्राइम मिनिस्टर’ याच नावाने नव्या नटसंचाचे सहा भाग आले. ते या हिशेबात नाहीत.

प्रश्न : सीझन एवढे छोटे का?

उत्तर : सगळे भाग अँटनी जे आणि जोनाथन लिन या दोघांनीच लिहिले. अमेरिकी मालिकांसारखे वर्षाला वीस-बावीस भाग काढायचे तर लेखकांचा ताफा लागतो.

प्रश्न : सर हम्फ्रीचं इंग्रजी झेपत नाही. हिंदीत आहे का?

उत्तर : 2001 साली स्टार प्लसवर ‘जी मंत्रीजी’ आली होती, फारूक शेख मंत्री. तरी मूळ मालिकाच पाहा, इंग्रजी सबटायटल लावून. हम्फ्रीची वाक्यं मुद्दामच कळू नयेत अशी रचलेली आहेत. ती थांबवून उलगडत बसू नका, हॅकरचा चेहरा पाहा; बहुतेकदा त्यालाही कळलेलं नसतं. सुरुवातीला दुसऱ्या सीझनचा पहिला भाग, ‘द कम्पॅशनेट सोसायटी’, लावून पाहा : नवं कोरं रुग्णालय, पाचशे कर्मचारी आणि रुग्ण एकही नाही.