वर्ग आहे, पैसा आहे, मुलं मात्र टिकत नाहीत

प्रश्न : ताई, मी अमेरिकेत एका सामाजिक संस्थेत संध्याकाळी गणित शिकवते. मुलं साधारण १७ ते २० वयाची, शाळा अर्धवट सुटलेली, हाताला काम नाही. सरकारी निधी आहे, जीईडीचे, म्हणजे हायस्कूलच्या तोडीच्या परीक्षेचे, वर्ग आहेत, वेल्डिंगचा कोर्सही आहे. तरी बघता बघता वर्ग रिकामा होतो. आमच्या मंडळातले काहीजण म्हणतात, ‘यांना शिकायचंच नाही.’ तुम्ही या क्षेत्रात काम केलंय. खरंच तसं आहे का?
– एक वाचक

उत्तर : नाही. तुमच्या वर्गात पहिल्या दिवशी येऊन बसायलाच यातल्या कित्येकांना काय खटपट करावी लागते, ते मंडळातल्या लोकांनी एकदा जवळून पाहावं.

माझ्याकडे एक मुलगा यायचा. फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारी देखरेखीखाली परक्या घरात, वाढलेला, वय झालं म्हणून बाहेर पडलेला, मित्राच्या सोफ्यावर झोपणारा. कोर्सला नाव घालायला फोटोचं ओळखपत्र हवं. ओळखपत्राला जन्मदाखला आणि पत्त्याचा पुरावा हवा. घर मित्राचं, भाडेकरारात याचं नाव नाही. जन्म दुसऱ्या राज्यातला, तिथून दाखला मागवायचा तर पुन्हा ओळखपत्र दाखवा! सगळे कागद तो एका प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन हिंडायचा. प्रत्येक कार्यालयात पिशवी उघडायची आणि आपली कहाणी पहिल्यापासून सांगायची. त्याला ‘इच्छा नाही’ म्हणणं हा अन्याय आहे.

घोळ आहे तो योजनांच्या बांधणीत. घराचा पैसा एका खात्याचा, शिक्षणाचा दुसऱ्याचा, रोजगाराचा तिसऱ्याचा. वयाची अट, उत्पन्नाची अट, अहवालाचा नमुना, सगळं वेगळं. हे वॉशिंग्टनलाही कळलं होतं. म्हणून २०१४ मध्ये ‘परफॉर्मन्स पार्टनरशिप पायलट्स’ला मंजुरी मिळाली. १४ ते २४ वयाच्या, गरीब घरातल्या आणि बेघर, फॉस्टर केअरमधल्या, बालन्याय यंत्रणेत सापडलेल्या किंवा शिक्षण-नोकरीपासून तुटलेल्या मुलांसाठी निवडक ठिकाणी वेगवेगळ्या खात्यांचा निधी एकत्र वापरायची आणि काही अटींतून सूट मागायची मुभा त्यात होती. माझ्या मते ही मुभा सगळीकडे हवी.

त्याच वर्षीच्या वायोआ या रोजगार-प्रशिक्षण कायद्याने स्थानिक युवा निधीतला किमान ७५ टक्के वाटा शाळेबाहेरच्या मुलांवर खर्च करायला सांगितलं, आणि कार्यक्रम संपल्यावर किमान १२ महिने पाठपुरावा ठेवायलाही. ही दुसरी तरतूद फार मोलाची आहे. कारण नोकरी लागणं सोपं, टिकणं अवघड. बस चुकली, धाकट्या भावाला दवाखान्यात न्यावं लागलं, मुकादम ओरडला, की मुलगा दुसऱ्या दिवशी जातच नाही. तेव्हा फोन उचलणारं आणि मुकादमाशी बोलणारं ओळखीचं माणूस लागतं. पाठपुरावा म्हणजे रकाना भरण्यापुरता फोन नव्हे.

प्रशिक्षण कुठलंही चालतं, असंही नाही. १९६४ पासून चालत आलेल्या जॉब कोर या तरुणांना काम शिकवणाऱ्या सरकारी योजनेची मोठी पाहणी झाली, त्यात सुरुवातीला कमाई वाढलेली दिसली. पुढे मात्र ती वाढ २० ते २४ वयाच्या मुलांतच टिकली, धाकट्यांमध्ये ओसरली. उलट ‘इयर अप’ या संस्थेत सहा महिने प्रशिक्षण आणि सहा महिने खऱ्या कंपनीत उमेदवारी असते, हातात विद्यावेतन पडतं. तिथल्या मुलांची वाढलेली कमाई कित्येक वर्षं टिकलेली आढळली. नोकरी कुठे आहे हे आधी ठरवून मग शिकवलं, की असा फरक पडतो.

आता तुमच्या हातात काय आहे? तुमच्या भागातलं वर्कफोर्स बोर्ड, म्हणजे रोजगार-प्रशिक्षणाचा निधी कुठे जाईल ते ठरवणारं स्थानिक मंडळ, चार वर्षांचा आराखडा करतं. मंजुरीसाठी पाठवण्याआधी तो लोकांच्या सूचनांसाठी खुला ठेवावा लागतो. मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची. पुढचा आराखडा कधी येतोय ते आजच फोन करून विचारा. तुमच्या संस्थेच्या मंडळाच्या नावाने बोर्डाकडे लेखी मागा : बसपाससाठी पैसे, कागदपत्रं काढून देणारं एक पगारी माणूस आणि वर्षभराचा खरा पाठपुरावा. सोबत तुमचं हजेरीपुस्तक जोडा, मुलांची नावं झाकून. कुठल्या आठवड्यात कोण का थांबलं, हे मुलांनाच विचारून त्यात लिहा.