बायकोला घेऊन सिंगापूरला कमी खर्चात बॅकपॅकिंग जमेल का? हॉस्टेल तिला झेपेल का?

जमेल. पण आधी तुमच्या प्रश्नातलं जे खटकलं ते बोलून घेते. तुम्ही लिहिलंय, "मी कुठेही राहीन हो, पण बायकोला सामाईक बाथरूम, डॉर्ममधला, म्हणजे बऱ्याच जणांच्या सामाईक खोलीतला, बेड वगैरे झेपेल का?" अहो, मग तिलाच विचारा ना! तुमच्याच घरात राहते ती. तिला काय झेपतं ते आम्ही परक्यांनी कसं सांगायचं?

एवढं तावातावानं लिहायला कारण आहे. आम्ही दोघं पाठीवर सॅक टाकून सिंगापूरला गेलो, हॉस्टेलात राहिलो, टपरीवजा ठिकाणी जेवलो, मजेत परत आलो. आणि सासरी बातमी काय पसरली? "धाकट्यानं बायकोला परदेशात नेऊन धर्मशाळेत ठेवलं. बिचारी काही बोलली नाही."

तर बेत सगळा या बिचारीचाच होता. तिकिटं मी काढली, हॉस्टेल मी शोधलं, रोजचा हिशेब मी लिहिला (पतसंस्थेत नोकरी, सवय जात नाही). नवऱ्याला पॅकेज आनंदानं चाललं असतं. सकाळी कुणीतरी बसमध्ये बसवावं आणि संध्याकाळी उतरवावं, यात त्याचं सुख आहे.

राहण्याचं सांगते. लिटल इंडिया, लव्हेंडर, चायनाटाऊन या भागांत हॉस्टेलं रग्गड आहेत. माणशी ३० ते ४० डॉलरमध्ये डॉर्ममधला कप्पा, म्हणजे पडदा असलेला एक बेड, मिळतो. सिंगापूरचा डॉलर ७० रुपये धरून चाला. बँकॉकला किंवा पेनांगला दोन बेडच्या पैशात जोडप्याला साधी खोली मिळून जाते, तिथं डॉर्मचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. सिंगापूरला जागाच महाग. स्वस्त हॉटेल दिसलं की वर्णनात "विंडोलेस" असं लिहिलंय का ते बघा. खिडकी नाही, पलंग सोडून पाय ठेवायला जागा नाही, बॅग उघडायची तर पलंगावरच. आणि त्याचेही पैसे दोन कप्प्यांपेक्षा जास्त.

काही हॉस्टेलांत दोघांचा मिळून एक कप्पा असतो. तो आम्ही घेतला नाही. मी बायकांच्या डॉर्ममध्ये, नवरा वरच्या मजल्यावर पुरुषांच्या. कप्प्यात गादी, वाचायचा दिवा, प्लग, ओढायचा पडदा, आणि पायाशी कुलपाचं कपाट. पडदा ओढला की आपलं राज्य. लग्नानंतर इतकी शांत झोप मला मिळालेली नव्हती. घोरणं नाही, पहाटे दूधवाल्याची बेल नाही, आज डब्याला काय हा प्रश्न नाही. बाथरूमचं म्हणाल तर ती दिवसातून दोन-तीनदा धुतली जायची. आमच्या घरची कोण धुतं ते विचारू नका.

आता पुलाउ उबिन, सिंगापूरचंच एक छोटं बेट. काय बघावं असंही तुम्ही विचारलंय. मर्लायन वगैरे तुम्हाला माहीत असणारच. उबिनचं सांगते, कारण आमच्या घरातलं भांडण तिथूनच सुरू झालं.

तानाह मेराह स्टेशनवरून २ नंबरची बस धरायची (टॅम्पिनीसवरून २९ नंबर) आणि चांगी व्हिलेजला उतरायचं. जवळच धक्का आहे. तिथून लाकडी होड्या सुटतात, बमबोट म्हणतात त्यांना. दहा-पंधरा मिनिटांत उबिन बेट. माणशी ४ डॉलर, रोख. वेळापत्रक नावाची गोष्ट नाही. बारा माणसं झाली की होडी निघाली. म्हणजे आपलं वडापच की! मी तासगावची, वडापात बसूनच लहानाची मोठी झाले, त्यामुळं मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

आमच्यासकट दहा डोकी झाली होती. आडवार, गर्दी नाही. बाकावर एक चिनी आजी, मांडीवर संत्र्यांची पिशवी आणि उदबत्त्यांचा जाडजूड पुडा. बेटावर देऊळ आहे, तिकडंच निघाली असावी. दोन गोरी पोरं स्वतःच्या सायकली घेऊन. होडीवाला बनियन आणि हाफ पँटवर पेपर वाचत बसलेला. मधूनच चष्म्यावरून बघायचा, बोटानं सगळ्यांना मोजायचा, "टेन" म्हणायचा आणि परत पेपरात डोकं.

नवरा चुळबुळायला लागला. "दोन जागांचे आठ डॉलर आपणच भरू की, निघू तरी." तसं करता येतं, उरलेल्या जागांचे पैसे भरले की होडी लगेच सोडतात. मी म्हटलं, "गप बस. आठ डॉलरमध्ये दोघांचं जेवण होतंय." आता तुम्हीच सांगा, आमच्यात चिक्कू कोण?

तेवढ्यात भाऊजींचा, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचा, व्हिडिओ कॉल. त्यांनी आदल्या वर्षी सिंगापूर "केलं" होतं, मोठ्या ग्रुपबरोबर, झेंडा धरलेल्या माणसाच्या मागून. "हॉटेल दाखव की रे!" नवऱ्यानं भाबडेपणानं फोन गोल फिरवला. बाक, गरगरणारा पंखा, कडेला जुने टायर टांगलेली होडी, बनियनवाला. पलीकडं चिडीचूप. मग भाऊजी, "हे सिंगापूर?" आणि मागून जाऊबाईंचा आवाज, "अगं बाई, कुणी फसवलं की काय यांना!"

मग दोन पोरं मासे धरायचे गळ खांद्यावर टाकून आली. होडीवाला "ट्वेल्व्ह!" म्हणत उठला आणि इंजिनाच्या आवाजात कॉल बुडाला.

बेट सुंदर आहे. धक्क्यापाशीच सायकली भाड्यानं मिळतात. ब्रेक तपासून घ्या, पैसे रोखच न्या. उंच इमारत एकही नाही. पत्र्याच्या छपरांची मलय घरं, नारळ, डुरियनची झाडं, जुन्या खाणींत साठलेलं हिरवं पाणी. इथला ग्रॅनाइट नेऊन हॉर्सबर्ग दीपगृह बांधलं, मलेशियातल्या जोहोरला जोडणाऱ्या कॉजवेलाही (समुद्रातल्या रस्त्यालाही) इथलाच दगड. शहराची वीज अजून तिथवर गेलेली नाही, जनरेटर आणि सोलरवर चालतं. पूर्वेच्या टोकाला चेक जावा ही पाणथळ जागा आहे. सायकल बाहेर लावायची आणि बांधलेल्या वाटेनं चालत निघायचं, एकीकडं समुद्र, दुसरीकडं खारफुटी. ओहोटीची वेळ बघून जा. खाली चिखलात इवलेसे खेकडे, नराची एक नांगी त्याच्या अंगाएवढी, ती वर-खाली हलवत माद्यांना बोलावत असतात. नवरा अर्धा तास तिथून हलेना. पॅकेजमध्ये हा अर्धा तास मिळत नाही, लिहून ठेवा.

२००१ साली हीच जागा भराव घालून बुजवायचं चाललं होतं. निसर्गप्रेमींनी आणि जीवशास्त्रज्ञांनी आवाज उठवला आणि सरकारनं बेत पुढं ढकलला, तो आजतागायत पुढंच आहे. भराव घालून घालून ज्या देशानं स्वतःची जमीन सुमारे पाव पटीनं वाढवली त्याचं हे. एक मात्र, खाण्याची पिशवी हातात ठेवू नका. रानडुकरं आणि माकडं दोन्ही पिशवीच्या आवाजाला येतात.

तर घरी आलो. गौरी-गणपतीला सगळे जमले आणि तो व्हिडिओ कॉल परत निघाला. "सिंगापूरला जाऊन होडीची वाट बघत बसले होते!" भाऊजी म्हणाले, "बायकोला न्यायचं तर जरा रीतीनं न्यावं. ऐपत नसेल तर महाबळेश्वर आहेच की." भिकेचे डोहाळे हेही ऐकून झालं. जाऊबाईंनी स्वयंपाकघरात हळूच विचारलं, "आणि वेगवेगळ्या खोलीत झोपलात म्हणे?" तेव्हा पंगत वाढायची होती म्हणून मी तोंड उघडलं नाही. आता उघडते.

भाऊजी, तुम्ही सिंगापुरात दोन्ही वेळा पनीर बटर मसाला जेवलात. ज्या हॉकर सेंटरांसाठी, म्हणजे एका छपराखालच्या स्वस्त खाण्याच्या गाळ्यांसाठी, ते शहर ओळखलं जातं, ज्या हॉकर संस्कृतीला २०२० साली युनेस्कोनं आपल्या यादीत घेतलं, तिथं तुम्ही पाऊल टाकलं नाहीत, कारण "तिथं वास येतो". बोटॅनिक गार्डन तुम्ही बसच्या काचेतून बघितलंत. १८५९ सालची बाग ती, २०१५ पासून जागतिक वारसा, आणि आत जायला छदाम लागत नाही, फक्त ऑर्किडच्या बागेला तिकीट आहे. गार्डन्स बाय द बे या बागेतल्या सुपरट्रींचा, म्हणजे झाडांसारख्या उंच मनोऱ्यांचा, दिव्यांचा खेळ रात्री पावणेआठला आणि पावणेनऊला असतो, झाडांखाली उताणं पडून बघायचा, फुकट. तोच तुम्हाला "नाइट टूर" म्हणून जादा पैशांत दाखवला आणि तुम्ही बिलासकट आम्हाला कौतुक सांगितलंत. हेंडरसन वेव्ह्ज हा लाटांच्या आकाराचा पूल, खाली रस्ता आणि वर झाडांचे शेंडे, तोही फुकट, पण तिथं टूरची बस थांबत नाही म्हणून तुमच्या लेखी तो नाहीच. तुमच्या एका माणसाच्या खर्चात आम्ही दोघं जाऊन आलो. यात लाज कसली?

आणि जाऊबाई, हो, वेगवेगळ्या खोलीत झोपलो. तुम्हीही झोपून बघा.

जेवणाकडं वळते. मी शाकाहारी, नवरा सगळं खातो, आणि हॉकर सेंटरमध्ये दोघांचंही भागलं. लिटल इंडियात टेक्का सेंटर आहे, डोसा, पराठा मिळतो; सेरंगून रोडवरचं कोमला विलास १९४७ पासून चालू आहे. पण रोज डोसाच खायला तिथवर जायचं कशाला? जवळजवळ प्रत्येक मोठ्या हॉकर सेंटरमध्ये चिनी शाकाहारी गाळा असतो, बौद्ध लोकांचा. काचेमागं भाज्या, टोफू, तळलेल्या शेवया. बोट दाखवायचं, ते ताटलीत वाढतात. ४ ते ६ डॉलरमध्ये पोटभर. बाकीच्या गाळ्यांवर नुसतं "नो मीट" म्हणून भागत नाही. मासा त्यांच्या हिशेबी मीट नव्हे, आणि हिरव्या भाजीतही बेलाचान, म्हणजे कोळंबीची वाटलेली चटणी, असू शकते. स्पष्ट विचारा. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे, पाकीट बाजूला सारून बसू नका. जेवून ट्रे परत नेऊन ठेवायचा, २०२१ पासून सक्ती आहे, दंड होतो. कॉफी हवी तर "कोपी" म्हणा, दुधाशिवाय "कोपी ओ", साखरही नको असेल तर "कोपी ओ कोसोंग". पाणी नळाचं प्या, चांगलं असतं. बाटल्या विकत घेणाऱ्यांचं मला कळत नाही.

सीमेपलीकडं मलेशियातल्या जोहोर बाहरूला स्वस्तात राहून रोज सिंगापूरला ये-जा करा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ऐकू नका. सीमेवरच्या रांगांत दिवस जातो.

तुम्ही रोजचा आकडा विचारला होता. दोघांचे मिळून १२० डॉलर धरा, म्हणजे साडेआठ हजारांच्या आत: ७० राहण्याचे, ४० खाण्याचे, १० बस-मेट्रोचे. तिकीट काढून बघायची ठिकाणं धरली नाहीत. युनिव्हर्सल स्टुडिओ हवा असेल तर जरूर जा, पण मग स्वस्तात केलं म्हणू नका.

आता काही पणपरंतु. नोव्हेंबर ते जानेवारी पाऊस जास्त, उबिनचा दिवस वाया जाऊ शकतो. गुडघे दुखत असतील तर वरचा कप्पा घेऊ नका, शिडी सरळसोट असते. बरोबर लहान मूल असेल तर डॉर्म विसराच, बऱ्याच ठिकाणी घेतही नाहीत. आणि नवीन लग्न झालेलं असेल तर माझं मुळीच ऐकू नका, खोलीच घ्या, विंडोलेस तर विंडोलेस. तुम्ही लग्नाला किती वर्षं झाली ते लिहिलेलं नाही.

व्हिसा आधी लागतो, अधिकृत एजंटाकडून, मूळ फी ३० डॉलर. पोचण्याआधी तीन दिवसांत अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती बंद करा. मेट्रोत आणि बसमध्ये आपलं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं, परदेशी कार्डाला दिवसाला थोडी फी बसते. पण दोघांना दोन वेगळी कार्डं लागतात, एका कार्डावर दोघांना आत सोडत नाहीत. तेव्हा बायकोच्या नावाचं कार्ड नसेल तर निघायच्या आधी काढून घ्या.