ट्यूमर बोलण्याच्या जागेजवळ: एफएमआरआय झाल्यावरही जागेपणी ऑपरेशन कशाला?

ताई, तुमच्या लिहिण्यावरून मला कळलं ते असं. मिस्टर 41 वर्षांचे, सातपूरला कंपनीत स्टोअर सांभाळतात. बोलता बोलता शब्द अडकायला लागले, मग एक झटका आला. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला, कपाळाच्या मागे, लो-ग्रेड ग्लायोमा, म्हणजे सावकाश वाढणारा मेंदूतला ट्यूमर, असावा असं दिसतंय. सर्जननी एफएमआरआय (मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो ते दाखवणारी तपासणी) आणि डीटीआय (मेंदूतले तंतू दाखवणारी) करून घेतलं, आणि आता ते म्हणतात की ऑपरेशन चालू असताना पेशंटला मध्येच जागं करणार. तुमचा प्रश्न रास्त आहे: मेंदूचा रंगीत नकाशा हातात आलाय, मग जागं ठेवून त्या माणसाचे हाल कशाला?

मी स्पीच थेरपिस्ट आहे, नाशकातच. अशा ऑपरेशनमध्ये पेशंटच्या तोंडासमोर बसून त्याला चित्रं दाखवायची, बोलतं ठेवायचं, हे काम बरीच वर्षं करतेय. ट्यूमरचा प्रकार, रेडिएशन, गोळ्या यावर मी बोलणार नाही, तो डॉक्टरांचा प्रांत. नकाशाचं मात्र सांगू शकते.

सासऱ्यांची शंका आधी मिटवू. पोलीस आरोपीची 'ब्रेन मॅपिंग' करतात ते हे नव्हे. त्यात डोक्याला इलेक्ट्रोड लावून ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींवरून आरोपीला गुन्ह्याची माहिती आहे की नाही ते ओळखल्याचा दावा असतो. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही असा निकाल दिला. आणि बोटांच्या ठशांवरून मुलांचा मेंदू 'मॅप' करून देणारे जे क्लासवाले शाळांच्या बाहेर पत्रकं वाटतात, त्यांचा मेंदूशी काडीचा संबंध नाही.

आता एफएमआरआय. या तपासणीत मेंदूच्या पेशींचं काम थेट दिसत नाही, रक्त दिसतं. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे ऑक्सिजनवालं रक्त जास्त येतं. ऑक्सिजन असलेल्या आणि नसलेल्या हिमोग्लोबिनचा चुंबकीय गुण वेगळा असतो, तो फरक मशीन टिपतं. सेइजी ओगावा यांनी 1990 मध्ये हे दाखवलं आणि दोनेक वर्षांत माणसांवर वापर सुरू झाला. पण रक्ताची ही लाट पेशींच्या कामानंतर पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोचते. ट्यूमरच्या आसपासच्या रक्तवाहिन्या तर धड वागतच नाहीत. तिथे पेशी काम करत असूनही रक्त वाढत नाही, आणि नकाशावर जागा कोरी दिसते. म्हणजे नेमकं जिथे आपल्याला उत्तर हवं, तिथेच मशीन कच्चं पडतं.

शिवाय पेशंटने आत काय केलं यावर सगळं अवलंबून. जबडा हलला की फोटो बिघडतो, म्हणून शब्द मनातल्या मनात म्हणायला सांगतात. कुणी म्हणतो, कुणी घाबरून नुसता पडून राहतो, कुणी मशीनच्या ठकठक आवाजात अर्ध्या सूचना ऐकतच नाही. मिस्टरांना एकदा सहज विचारा, आत नक्की काय केलंत म्हणून. आणि ते लाल-पिवळे ठिपके किती मोठे दिसावेत हेही ठरवावं लागतं. संगणकात मर्यादा कुठे धरली त्यावर ठिपका फुगतो नाहीतर आटतो. 2009 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी चक्क मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो 'दाखवले', आणि आकडेमोडीतली एक आवश्यक दुरुस्ती गाळली तर माशाच्या मेंदूतही हालचाल दिसते हे सिद्ध केलं. 2012 मध्ये त्यांना त्याबद्दल इग नोबेल मिळालं, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. एफएमआरआय थोतांड आहे असा याचा अर्थ नाही. रंग पाहून हुरळू नये, एवढाच.

पण मशीन अगदी निर्दोष असतं तरी मूळ अडचण राहतेच. लग्नघरात पन्नास माणसं धावपळ करताना दिसतात. त्यातलं कोण नसलं तर लग्न अडेल, हे धावपळ बघून कळत नाही. कोपऱ्यात बसलेले गुरुजी उठून गेले की कळतं. एफएमआरआय धावपळ दाखवतो. सर्जनला हवी असते ती दुसरी गोष्ट: हा तुकडा काढला तर काय अडेल?

आणि ते कळायचा एकच खात्रीचा मार्ग आहे, ती जागा क्षणभर बंद करून बघणं. मेंदूच्या पृष्ठभागावर बारीक विजेचा प्रवाह दिला की तेवढ्यापुरती तिथली कामगिरी गडबडते, प्रवाह काढला की पूर्ववत. हे काही कालचं तंत्र नाही. 1870 मध्ये बर्लिनला फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला वीज देऊन पाय हलवून दाखवला. माणसात हे पद्धतशीर केलं ते मॉन्ट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्डने. फेफऱ्याच्या पेशंटना फक्त डोक्याच्या कातडीपुरतं भूल-इंजेक्शन देऊन, जागं ठेवून, तो जागोजागी वीज द्यायचा आणि काय झालं ते पेशंटलाच विचारायचा. प्रत्येक जागेवर आकडा लिहिलेला कागदाचा चिटोरा. 1937 मध्ये त्याने आणि बोल्ड्रीने जे छापलं त्यातून तो प्रसिद्ध वेडाविद्रा माणूस आला, म्हणजे शरीराच्या कुठल्या भागाला मेंदूत किती जागा ते दाखवणारं चित्र: अवाढव्य ओठ आणि पंजे, चिमुकलं धड. आपल्याकडचे पहिले न्यूरोसर्जन जेकब चंडी याच पेनफिल्डकडे शिकले आणि 1949 मध्ये त्यांनी वेल्लोरला विभाग सुरू केला. तेव्हा 'परदेशी नवीन फॅड' म्हणणाऱ्या तुमच्या दिरांना एवढं सांगा.

तुम्ही विचारलंय, बोलण्याची जागा सगळ्यांची एकच असते ना, पुस्तकात तर ब्रोका एरिया दाखवलेला असतो. इथे मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण सगळी गोम इथेच आहे. 1861 मध्ये पॅरिसला पॉल ब्रोकाने लेबोर्न नावाच्या पेशंटचा मेंदू तपासला. हा माणूस 'टॅन' एवढंच बोलू शकायचा. डाव्या बाजूला पुढे इजा दिसली, आणि ती जागा 'बोलण्याची जागा' म्हणून पुस्तकात बसली. तो मेंदू अजून पॅरिसला जपून ठेवलेला आहे. 2007 मध्ये त्याचा एमआरआय केला तेव्हा कळलं की इजा नुसती वरवरची नव्हती, आत खोल, एका भागातून दुसऱ्या भागाकडे जाणाऱ्या तंतूंपर्यंत गेली होती. पुढे जॉर्ज ओजेमन यांनी 117 पेशंटमध्ये वीज देऊन भाषेच्या जागा शोधल्या आणि 1989 मध्ये छापल्या. बहुतेकांत त्या जागा नखाएवढ्या, जेमतेम एक चौरस सेंटिमीटरच्या आसपास, आणि प्रत्येकात वेगळीकडे. म्हणून दुसऱ्याच्या मेंदूचा नकाशा तुमच्या मिस्टरांना चालत नाही. त्यात हा ट्यूमर सावकाश वाढणारा. अशा वेळी मेंदू काही काम हळूहळू शेजारी सरकवतो. फ्रान्समधल्या माँपेल्येचे ह्यूग द्युफो यांनी तर पुस्तकातला ब्रोका एरिया काढूनही बोलणारे पेशंट दाखवले आहेत. पण खालचे तंतू तुटले तर ते काम सरकवायला जागा नसते. डीटीआयमध्ये ज्या रंगीत दोऱ्या तुम्हाला दाखवल्या ते हेच तंतू. तीही पाण्याच्या हालचालीवरून संगणकाने काढलेली रेघ आहे. शिवाय कवटी उघडल्यावर मेंदू थोडा बसतो, म्हणजे आधीचा नकाशा मिलिमीटरांनी का होईना सरकतो.

मग ऑपरेशनमध्ये होतं काय? सुरुवातीला बहुतेक ठिकाणी झोपवूनच ठेवतात. डोक्याच्या कातडीच्या नसांना भूल दिलेली असते. कातडी, हाड आणि मेंदूवरचं आवरण यांना दुखतं, खुद्द मेंदूला दुखत नाही. आवरण उघडलं की भूलतज्ज्ञ औषध कमी करतात. पेशंट डोळे उघडतो तेव्हा त्याला समोर मी दिसते, पारदर्शक प्लास्टिकच्या आडोशाखाली, हातात टॅब. पहिली तक्रार डोक्याची क्वचितच असते. खांदा अवघडलाय, थंडी वाजतेय, लघवी लागलीय (नळी घातलेली असते, तरी तसं वाटतं), आणि तहान. पाणी देता येत नाही, ओल्या गॉजने ओठ पुसते.

पलीकडे सर्जनच्या हातात दोन टोकांचा चिमट्यासारखा इलेक्ट्रोड, टोकांमध्ये पाच मिलिमीटर अंतर. प्रवाह एक-दोन मिलिअँपिअरपासून चढवत नेतात, साधारण सहापर्यंत. वीज टेकली की चित्र समोर. तीन-चार सेकंदांचा मामला. एकच जागा किमान तीन वेळा तपासतात, लागोपाठ नाही, म्हणजे योगायोग वगळता येतो. पेशंटला नुसतं नाव सांगायचं नसतं, वाक्य म्हणायचं असतं. इंग्रजीतली 'धिस इज अ...' ही ठरलेली सुरुवात मराठीत चालत नाही. 'हा आंबा', 'ही खिडकी', 'हे घर' म्हणायचं तर लिंग आधी ठरवावं लागतं, म्हणजे शब्द सापडायच्या आधीच गाडी अडते. म्हणून मी 'चित्रात' अशी सुरुवात करून घेते. 'चित्रात... आहे' म्हटलं आणि मधला शब्दच आला नाही, तर शब्द शोधण्याचं काम अडलं. 'चित्रा...' वरच तोंड थांबलं, तर बोलण्याची यंत्रणाच थांबली. आंब्याला 'पेरू' म्हटलं तर तिसराच प्रकार. मी ते मोठ्याने सांगते, सर्जन तिथे आकडा ठेवतात, आणि ती जागा सोडून कापतात. वरचं झालं की ट्यूमर काढत खोल जाताना तंतूंचीही हीच परीक्षा. वीज दिल्याने कधीकधी झटका येतो. त्यासाठी बर्फाचं सलाइन तयार असतं, मेंदूवर ओतलं की बहुतेक वेळा तिथल्या तिथे शमतो.

तुमच्या ग्रुपवर आलेला गिटारवाल्याचा व्हिडिओ 2017 चा, बेंगळुरूचा. तो वेगळा आजार होता, गिटार वाजवतानाच बोटं आखडायची. म्हणून वाजवायला लावूनच बिघाडाची नेमकी जागा तपासत होते. तुमच्याकडे तसलं काही होणार नाही.

निकाल काय लागतात? 2008 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सर्जननी 250 पेशंटचा अनुभव छापला. आठवड्याने 35 जणांना नवीन बोलण्याचा त्रास होता आणि 21 जणांचा आधीचा वाढला होता. सहा महिन्यांनी त्या 56 पैकी 52 जण पूर्वपदावर किंवा त्याहून बरे होते. चौघांचा त्रास राहिला. हे फार अनुभवी केंद्र, हे ध्यानात ठेवा. आणि पहिला आठवडा अवघड जाऊ शकतो हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. समोरच्या भागाच्या आतल्या बाजूला हात लागला असेल तर माणूस काही दिवस गप्पच होतो, ऐकतो, समजतो, पण बोलायला सुरुवात होत नाही. नातेवाईक रडारड करतात. त्याच्यासमोर तरी नको.

आता तुमच्या हातातलं काम. तुम्ही लिहिलंय की सासू-सासरे बागलाणचे, घरात आईशी अहिराणी, तुमच्याशी मराठी, कंपनीत हिंदी. हे थेरपिस्टला सांगितलंच पाहिजे. दोन भाषांच्या जागा काही पेशंटमध्ये पूर्ण जुळत नाहीत. आधीच्या सरावात मुलाचं चित्र पाहून ते 'पोऱ्या' म्हणाले तर ती चूक नाही, आणि ऑपरेशनच्या वेळी तसंच म्हणाले तर कुणी 'शब्द चुकला' असं लिहू नये. आधीच्या दिवशी शांतपणे जी चित्रं ओळखता येत नाहीत ती काढून टाकतात, तेव्हा तो सराव उरकायचा म्हणून उरकू देऊ नका. स्टोअरचं काम म्हणजे वाचन आणि हिशोब आलाच, तेही तपासायला सांगा. चष्मा लागत असेल तर तो ऑपरेशन थिएटरपर्यंत पोचला पाहिजे. झटक्याची गोळी स्वतःहून बंद करू नका. आणि मिस्टरांना फार धास्ती असेल, स्थिर पडून राहणं जमणारच नसेल, तर ते लपवू नका. जागेपणीचं ऑपरेशन सगळ्यांसाठी नसतं, तसं सांगितलं तर टीम दुसरा मार्ग काढते.

नाशिक की मुंबई? टाटाचं नाव मोठं आहे आणि तिथे हे काम होतं, पण कसारा घाट उतरलं म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. मी गावापेक्षा टीम बघेन. सर्जनला सरळ विचारा: तुम्ही स्वतः अशी ऑपरेशनं नियमित करता का, भूलतज्ज्ञांना जागेपणीच्या केसची सवय आहे का, भाषा तपासायला कोण बसणार, आणि खोल तंतूंचंही स्टिम्युलेशन (वीज देऊन तपासणी) करणार का. 'एफएमआरआय आहे, बाकी गरज नाही' असं उत्तर आलं तर दुसरं मत घ्या. नंतरची स्पीच थेरपी काही महिने चालते, ती घराजवळ असलेली बरी, हाही हिशोब धरा. सरकारी आरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाला, आरोग्यमित्राला, ऑपरेशनची तारीख घेण्याआधी विचारा.

दुसऱ्या मताला जाताना नुसता छापील रिपोर्ट आणि फिल्म नेऊ नका. एमआरआय, एफएमआरआय आणि डीटीआय तिन्हींची सीडी सेंटरवरून मागून घ्या. ऑपरेशनमध्ये सर्जनला स्कॅनवर जागा दाखवणाऱ्या नेव्हिगेशन मशीनला मूळ फाइल्स लागतात, आणि त्या नसल्या की पेशंटला पुन्हा त्याच बोगद्यात घालतात.